पोटावरची पिशवी आणि आपले रीतिरिवाज

आज ज्या विषयाची ओळख करून घ्यायची आहे तो तुमच्या पाठ्यपुस्तकात नाही. घरात तो निघालाच, तर मोठ्या माणसांचा आवाज एकदम खाली येतो. काही आजारांत माणसाच्या नेहमीच्या वाटेने मल किंवा मूत्र बाहेर पडू शकत नाही. अशा वेळी शल्यचिकित्सक पोटाच्या पुढच्या बाजूला एक नवी वाट करून देतात आणि त्या वाटेच्या तोंडाशी एक पिशवी चिकटवलेली असते. या शस्त्रक्रियेला ऑस्टॉमी म्हणतात, आणि पोटावर दिसणाऱ्या त्या तोंडाला स्टोमा. ग्रीक भाषेत स्टोमा म्हणजे तोंडच.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्य नाही. मग मी या विषयात का पडावे? कारण असे की, पिशवी अंगावर टिकते ती चिकटपणाच्या, दाबाच्या, विसरणाच्या नियमांवर. आणि माणूस पिशवीसह टिकतो तो आपल्या घरातल्या, गावातल्या रीतिरिवाजांच्या आधारावर. पहिले नियम सगळीकडे सारखे. दुसरे मात्र अलिबागेत वेगळे, तोक्योत वेगळे. या दोहोंची गाठ जिथे पडते, तिथे बरेचदा माणसाचे जेवणखाण, कामधंदा, कधी कधी जीवही अडकलेला असतो.

नवी वाट म्हणजे काय?

आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब, मोठे आतडे सुमारे दीड मीटर. आपण दिवसाला साधारण दोन लिटर द्रव पितो. लाळ, जठररस, पित्त इत्यादी पाचक रस मिळून आणखी सात लिटर भर पडते. या नऊ लिटरांपैकी बहुतेक भाग लहान आतडे शोषून घेते. सुमारे दीड लिटर मोठ्या आतड्यात उतरतो, आणि तेही त्यातले पाणी व क्षार इतके कसोशीने परत घेते की, शौचावाटे जेमतेम शे-दीडशे मिलिलिटर पाणी जाते. मोठे आतडे म्हणजे शरीराचा काटकसरी कारभारीच म्हणा ना!

ऑस्टॉमीचे तीन मुख्य प्रकार आहेत. मोठ्या आतड्याचे टोक पोटावर आणले तर ती कोलोस्टॉमी; लहान आतड्याचे आणले तर इलिओस्टॉमी; आणि मूत्रासाठी वाट केली तर युरोस्टॉमी. मूळ कारणे अनेक असतात. गुदाशयाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग, आतड्यांना व्रण पाडणारा जुनाट दाह, अपघात ही त्यांपैकी काही. आपल्याकडे विषमज्वराने किंवा आतड्याच्या क्षयाने आतड्याला भोक पडणे हेही एक कारण असते. सुमारे पाच हजार जन्मांमागे एक मूल गुदद्वार बंद असलेलेच जन्मते. त्यालाही काही महिने स्टोमा लागू शकतो. बऱ्याच रुग्णांचा स्टोमा तात्पुरता असतो आणि पुढे आतडे पुन्हा जोडले जाते. काहींचा मात्र कायमचा.

स्टोमा दिसतो ओलसर, लालबुंद. तोंडाच्या आतल्या त्वचेसारखा. त्याला स्पर्शाची वेदना नसते. आणि मुख्य गोष्ट ही की, त्याला स्नायूचे कडे नसते. म्हणून आता जायचे की थांबायचे हे ठरवणे माणसाच्या हाती राहत नाही. पिशवी लागते ती यासाठी.

दोनशे वर्षे आणि एक भुताचे झाड

ही कल्पना नवी नाही. १७९३ साली फ्रान्समधील ब्रेस्ट येथे द्यूरे नावाच्या शल्यचिकित्सकाने गुदद्वार नसलेल्या तीन दिवसांच्या बाळावर अशी शस्त्रक्रिया केली, आणि ते बाळ पुढे ४५ वर्षे जगले. परंतु आतडे पोटावर आणणे सोपे आणि त्यासह जगणे अवघड, अशी स्थिती पुढे दीडशे वर्षे होती. इलिओस्टॉमीतून पडणाऱ्या द्रवात पाचक रस असतात. जो रस भाकरी पचवतो तो कातडीला कशी सोडील? रुग्णांची त्वचा अक्षरशः सोलवटून निघे.

१९५२ साली इंग्लंडमध्ये ब्रायन ब्रुक यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. सदऱ्याची बाही दुमडावी तसे आतड्याचे टोक बाहेर उलटवून शिवायचे. त्यामुळे स्टोमा नळाच्या तोटीसारखा थोडा पुढे येतो आणि द्रव कातडीवर न ओघळता पिशवीत पडतो. त्याच दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रूपर्ट टर्नबुल यांना कातडी वाचवणारा एक पदार्थ सापडला. कृत्रिम दातांची कवळी हिरडीला चिकटून राहावी म्हणून लोक एका डिंकाची भुकटी वापरीत. तीच भुकटी टर्नबुल यांनी स्टोमाभोवती वापरली. ओली झाली की ती फुगे, चिकटे आणि त्वचेला झाकून ठेवी.

हा डिंक कुठला? आपल्याच देशातला! सह्याद्रीच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर पांढऱ्या सालीचे, उन्हाळ्यात पाने गाळून उभे राहणारे झाड तुम्ही पाहिले असेल. चांदण्यात ते दचकवते, म्हणून काही ठिकाणी त्याला भुताचे झाड म्हणतात. त्याचे नाव कांडोळ. रानातली माणसे त्याचा डिंक गोळा करीत, तो ‘कराया’ नावाने परदेशी जाई आणि तिकडे कवळ्या व पिशव्या चिकटवी. म्हणजे ज्या पिशवीला आपण ‘परदेशी वस्तू’ म्हणतो, तिच्या पहिल्या चिकटपणात आपल्या डोंगराचा वाटा होता.

पिशवीच्या इतिहासात रुग्णांचा आणि त्यांच्या नातलगांचाही मोठा हात आहे. डेन्मार्कमधील एलिस सोरेन्सन ही परिचारिका. तिची बहीण थोरा शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर पडेना. तिच्यासाठी एलिसने १९५४ साली चिकटणारी, एकदा वापरून टाकून देण्याची प्लॅस्टिकची पिशवी कल्पिली. क्लीव्हलँडला टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टॉमी असलेल्या बाईंना १९५८ साली इतर रुग्णांना शिकवण्याच्या कामावर घेतले, आणि स्टोमा परिचर्या ही स्वतंत्र विद्याशाखा झाली. आपल्याकडे १९७५ साली मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग आहे आणि परिचारिकांना या विषयाचे शिक्षणही दिले जाते. आपल्या किनाऱ्यावरचे कितीतरी रुग्ण मांडव्याहून किंवा रेवसहून बोटीने, नाहीतर पेणवरून एस. टी.ने तिथवर जातात. आणि मग परत आपल्या गावी येतात. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

तीन माणसे, तीन बैठकी

आपण तीन काल्पनिक माणसे घेऊ. पहिली, एका कोळीवाड्यातली मासळी विकणारी बाई. दुसरे, चौल-नागावकडच्या वाडीत राहणारे भटजी. तिसरे, श्रीवर्धनचे एक चाचा, आयुष्यभर जहाजावर नोकरी करून घरी परतलेले. समजा, तिघांनाही स्टोमा आहे. तो पोटावर नेमका कुठे असावा?

पुस्तकी उत्तर असे: पोटाच्या उभ्या स्नायूमधून, बेंबी, जुने व्रण, कमरेचे हाड आणि कातडीच्या घड्या यांपासून दूर, सपाट जागी, शिवाय तो रुग्णाला स्वतःला दिसला पाहिजे. शस्त्रक्रियेआधी परिचारिका रुग्णाला उभे करते, खुर्चीवर बसवते, वाकवते आणि पोटावर शाईने खूण करते. पाश्चात्त्य देशात एवढे पुरते. पण आपले तिघे खुर्चीवर बसतात कधी?

कोळीणबाई तासन्‌तास उकिडव्या किंवा पाटावर बसून विळीवर मासे चिरतात. त्यांच्या लुगड्याचा काष्टा कमरेला घट्ट आवळलेला. भटजी मांडी घालून दोन-दोन तास पूजा सांगतात. चाचा दिवसातून पाच वेळा नमाज पढतात. रुकूत कमरेतून वाकतात, सिजद्यात कपाळ जमिनीला टेकवतात.

आता यातले पदार्थविज्ञान पाहा. बोटाच्या सांध्यावर चिकटपट्टी लावा आणि बोट दुमडा. पट्टी मधून सुटत नाही, कडेपासून सुटते. कारण कातडी दुमडते, ताणते, पण पट्टी तितकी दुमडत किंवा ताणत नाही, आणि सारा ताण कडेच्या अगदी अरुंद रेषेवर एकवटतो. एकदा कड उचलली की पुढचे सोलणे सोपे. पिशवीची चकती पोटावर अशीच चिकटलेली असते. उकिडवे बसल्यावर पोटाला जी वळी पडते, तिच्यावर जर चकती आली, तर ती दिवसातून शंभर वेळा दुमडणार आणि कडेने सुटणार. काष्ट्याची गाठ तिच्यावर आली, तर पिशवीचे तोंडच दाबले जाणार. सिजद्यात पोट उलट्या उतारावर येते, तेव्हा पिशवीतला द्रव स्टोमाकडे परत वाहतो आणि चकतीच्या कडेखाली शिरू पाहतो. म्हणून चाचांनी नमाजाआधी पिशवी रिकामी करणे बरे.

तेव्हा जाणती परिचारिका आपल्याकडच्या रुग्णाला म्हणते, “बाई, लुगडे नेसता तसे नेसून दाखवा. आता विळीवर बसता तशा बसा. गुरुजी, मांडी घाला. चाचा, नमाजाला वाकता तसे वाका.” आणि मग खूण करते. शाईचा हा लहानसा ठिपका दोन-तीन सेंटिमीटर इकडे की तिकडे, यावर त्या माणसाचा धंदा चालणार की बसणार हे पुष्कळदा ठरते. रीतिरिवाज ‘मनाच्या गोष्टी’ आहेत असे आपण समजतो. येथे ते चक्क पोटावरच्या मापाची गोष्ट होऊन बसतात.

घाम, दमट हवा आणि डोंगर

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. घाम येतो पण वाळत नाही. थंड कोरड्या देशात जी चकती चार-पाच दिवस चिकटून राहील, ती येथे लवकर सुटते. आजच्या चकत्यांत पेक्टिन, जिलेटिन, सेल्युलोजापासून केलेले पदार्थ रबरासारख्या चिकट द्रव्यात मिसळलेले असतात. ते कांडोळाच्या डिंकाचेच काम अधिक चांगले करतात. घाम शोषतात आणि फुगून चिकटतात. पण शोषण्यालाही मर्यादा असते. फडके भिजून निथळू लागले की ते पुसायच्या कामाचे राहात नाही, तसेच हे.

पिशव्या महाग असतात. म्हणून आपल्याकडे पुष्कळ रुग्ण खालून उघडणारी पिशवी पाण्याने धुऊन पुन्हा पुन्हा वापरतात. पाण्याने धुण्याची आपली जुनी सवय येथे उपयोगी पडते. डाव्या बाजूची कोलोस्टॉमी असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर आणखी एक रीत शिकवतात. खांद्याच्या उंचीवर टांगलेल्या पिशवीतून कोमट पाणी स्टोमात सोडायचे आणि आतडे एकदाच रिकामे करायचे. मग चोवीस तास, कधी त्याहून अधिक वेळ, निर्धास्त! पाण्याची पातळी अर्धा मीटर वर असेल तर दाब किती? घनता, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: १००० × ९.८ × ०.५ म्हणजे सुमारे ४९०० पास्कल; वातावरणाच्या दाबाच्या विसाव्या हिश्शाएवढा. सकाळी एकदा ‘मोकळे होणे’ ही आपल्याकडची जुनी शिस्त, आणि ज्याला ही रीत मानवते त्याला ती परत मिळाल्यासारखे वाटते. अर्थात, ही रीत कोणाला चालेल हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

पिशवीत वायूही साठतो. तो बॉइलचा नियम पाळतो. रायगड किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळजवळ नऊ टक्के कमी असतो. म्हणजे अलिबागेत पिशवीत असलेला वायू गडावर सुमारे दहा टक्के अधिक जागा मागतो. पिशवी थोडी फुगते, इतकेच. यापायी गड चुकवण्याचे कारण नाही.

वास: नाकाचा आणि मनाचा

पिशवी असलेल्या माणसाला सर्वांत मोठी भीती कशाची वाटते? वासाची. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत सुके बोंबील बांधून एस. टी.त बसलात तर काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. पिशवीला भोक नसते, तरी वास येतो. वासाचे रेणू प्लॅस्टिकमध्ये विरघळतात, रेणूंच्या फटींतून सरकत पलीकडे निघतात. यालाच विसरण म्हणतात. म्हणून स्टोमाच्या पिशवीचे पटल अनेक थरांचे असते, आणि त्यातला एक थर असा निवडतात की, त्यातून हे रेणू फार सावकाश सरकतात.

वायू बाहेर सोडायला मात्र एक लहान खिडकी ठेवतात. तिच्यात सक्रियित कोळसा असतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म विवरे असतात की, सगळी उलगडून पसरली तर पृष्ठभाग सुमारे एक हजार चौरस मीटर भरेल. कबड्डीचे मैदान १३ मीटर × १० मीटर. म्हणजे चिमूटभर कोळशात साडेसात मैदाने! वासाचे रेणू या पृष्ठभागाला चिकटतात आणि वास नसलेला वायू निघून जातो. असा कोळसा करण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक उत्तम कच्चा माल म्हणजे नारळाची करवंटी.

एवढे करूनही भीती जात नाही, कारण वास अर्धा नाकात असतो आणि अर्धा मनात. मलाच्या वासात जे रेणू असतात त्यांपैकी एकाचे नाव इंडोल. हाच इंडोल अल्प प्रमाणात मोगऱ्याच्या सुवासातही असतो. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथिल अमाइनाचा. कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घराच्या भरभराटीची खूण असतो. तोच वास दुसऱ्या एखाद्या घरी पाहुण्यांना उंबऱ्यावर थोपवतो. रेणू तोच, नाक तेच. निवाडा मात्र लहानपणी शिकवलेला. ज्या घरात मुलाला शिकवले जाते की, शौच ही शरीराची एक गरज आहे, त्या घरातला रुग्ण लवकर बाहेर पडतो. जिथे ती लाजेची गोष्ट असते, तिथे चांगली पिशवी लावूनही माणूस खिडकीशी बसून राहतो.

सोवळे आणि वुजू

आता नाजूक प्रश्नाकडे येऊ. आपल्या भटजींना वाटते, पोटावर विष्ठा बाळगून सोवळे कसले? देवाला कसा हात लावू? चाचांना वाटते, वुजू केल्यानंतर पिशवीत काही उतरले तर नमाज होईल का? एका बाजूने डावा हात शौचाचा आणि उजवा जेवणाचा ही वाटणी तर आपल्या सर्वांच्याच हाडीमाशी खिळलेली आहे, आणि पिशवी बदलायला दोन्ही हात लागतात.

विज्ञान यात काय सांगू शकते? एवढेच की, मल प्रत्येकाच्याच पोटात असतो. पिशवीने त्याची जागा काही सेंटिमीटर बदलली आहे. साबणाने धुतलेला हात, मग तो डावा असो वा उजवा, रोगजंतूंच्या दृष्टीने सारखाच स्वच्छ. परंतु जंतूंची स्वच्छता आणि धर्मातली शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य केले पाहिजे. ‘हे सारे खुळ आहे’ असे रुग्णाला सांगून त्याचे समाधान होत नाही. उलट तो पुन्हा तोंड उघडत नाही.

गंमत अशी की, या परंपरांच्या आतच वाट असते आणि रुग्णाला ती कोणी सांगितलेली नसते. ज्याला शरीरातून सतत स्राव होण्याची व्याधी आहे, त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळेला नवा वुजू करावा आणि मग निःशंकपणे नमाज पढावी, अशी सवलत इस्लामी धर्मशास्त्रात पूर्वीपासून आहे. आजाऱ्याला व्रतनियमांतून सूट हे तत्त्व हिंदू आचारातही जुनेच. तरीही घडते काय पाहा. २००२ साली तुर्कस्तानातील शल्यचिकित्सकांनी मुसलमान रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध केली. कायमचा स्टोमा झालेल्यांपैकी अनेकांनी नमाज आणि रोजे कमी केले किंवा सोडून दिले होते, आणि हे प्रमाण ज्यांना स्टोमा लागला नाही अशा रुग्णांपेक्षा अधिक होते. ज्या माणसाने आयुष्यभर मशिदीतल्या रांगेत किंवा देवळातल्या भजनात आधार शोधला, त्याचा आधार नेमका आजारपणात सुटावा, हे केवढे नुकसान! अशा वेळी डॉक्टरांइतकेच एखाद्या जाणत्या मौलवीचे किंवा उपाध्यायाचे दोन शब्द कामी येतात.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असे मात्र समजू नका. जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांवर सर्वांनी एकत्र स्नान करण्याची जुनी प्रथा आहे. तिथल्या स्टोमाधारकांना ‘त्या पाण्यात उतरू का?’ हा प्रश्न छळतो. पण त्याच जपानमध्ये रेल्वे स्थानकांसारख्या सार्वजनिक ठिकाणी पिशवी धुण्यासाठी खास उंचीचे भांडे आणि पाणी असलेली स्वच्छतागृहे बांधलेली आहेत, आणि दारावर तसे चिन्हही रंगवलेले असते. एकाच समाजाचा एक रिवाज दार लावतो, दुसरा उघडतो.

पंगत, उपास आणि पेज

सर्वांत धोक्याची गोष्ट जेवणाशी निगडित आहे. पुष्कळ रुग्ण एक सोपा पण घातक हिशेब मांडतात: कमी खाल्ले, कमी प्यायले, की पिशवी कमी भरेल. लग्नाच्या पंगतीला जायचे, तर आदल्या दिवसापासून उपाशी. बोटीने मुंबईला जायचे, तर पाण्याचा घोट नाही. उपास-रोजे तर घरच्यांच्या देखत निर्जळी पार पडतात आणि कौतुकही होते.

इलिओस्टॉमीच्या रुग्णाला हे फार महाग पडते. त्याचा काटकसरी कारभारी, म्हणजे मोठे आतडे, कामावर नाही. शस्त्रक्रियेनंतर स्थिरावल्यावरही त्याच्या पिशवीत दिवसाला सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर द्रव पडतो. त्यातून जाणारे मीठ मोजले तर दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास भरते. वैशाखातला घाम वेगळाच. पिणे बंद केले म्हणून पिशवी रिकामी राहत नाही. पाचक रस येतच राहतात आणि शरीर कोरडे पडते. नुसते साधे पाणी भरपूर पिऊनही भागत नाही, कारण गेलेले मीठ परत येत नाही. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात व पाण्याला बरोबर नेतात. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या हजारो रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवले ते याच तत्त्वावर.

आता आपल्या कोकणातली पेज आठवा! भात शिजवून, मीठ घालून केलेली पातळ पेज म्हणजे पाणी, मीठ आणि आतड्यात ज्याचे ग्लुकोज होते असा स्टार्च. शिवाय भाताने पिशवीतला द्रव दाटही होतो. आजीची पेज आणि डॉक्टरांचा सल्ला येथे एकाच वाटेने जातात. मीठ किती घ्यायचे हे मात्र डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाचा विकार असेल तर हिशेब बदलतो.

रायगडच्या थंडीतली पोपटी कोणाला आवडत नाही? पण वालातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यातली फ्रुक्टान द्रव्येही तशीच. त्यामुळे कोलोस्टॉमीच्या रुग्णाची पिशवी फुगते. वाल भिजवून, मोड आणून बिरडे केले तर यातल्या बऱ्याच शर्करा मोड येताना खर्ची पडतात. इलिओस्टॉमीवाल्याने ओल्या खोबऱ्याचे तुकडे मात्र जपून, चावून खावेत. न चावलेले तुकडे अरुंद वाटेत अडकू शकतात. खोबरे वाटून लावलेले कालवण त्यामानाने सोयीचे. म्हणजे पदार्थ सोडायचे नाहीत, त्यांची रीत बदलायची. माणसाला पंगतीतून उठवायचे नसते, पंगतीतच त्याची सोय पाहायची असते.

आपल्याला काय करता येईल?

प्रथम एक छोटा प्रयोग करा. काष्ठौषधींच्या दुकानात ‘कतिरा’ म्हणून एक डिंक मिळतो. त्याचे गुण कांडोळाच्या डिंकाशी जुळतात. त्याचा लहान खडा पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तो किती पट फुगला, बोटाला कसा लागतो, ते नोंदवा. त्याच्या आधाराने एका काळी माणसांची सोलवटलेली कातडी वाचली, हे ध्यानात ठेवा.

दुसरे काम प्रयोगशाळेबाहेरचे आहे. शिक्षकांनी आपल्या शाळेचे स्वच्छतागृह एकदा या नजरेने पाहावे. आत पाण्याचा नळ आहे का? दाराला कडी आहे का? पिशवी, कापूस ठेवायला हातभर फळी आहे का? वापरलेली पिशवी कागदात गुंडाळून टाकायला झाकणाचा डबा आहे का, की तो कचरा खाडीत जातो? स्टोमा असलेले मूल शाळेत येणार की घरी बसणार, हे अशा फळीवर आणि कडीवर ठरू शकते.

तिसरे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड. ज्या घरात शौचाबद्दल बोलणे वर्ज्य असते, तिथला माणूस शौचावाटे रक्त पडले तरी महिनोन्‌महिने ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसतो. मग रोग वाढतो. मग डॉक्टरांनी पिशवी सुचवली की, ‘असले जिणे नको’ म्हणून शस्त्रक्रियेला नकार देतो. या दोन्ही वेळा जीव धोक्यात घालते ती आपली गप्प बसण्याची रीत. रीत माणसांनीच घातलेली असते, आणि भुताच्या झाडाजवळ दिवसाढवळ्या गेले की कळते, ते भूत नव्हे, डिंक देणारे कांडोळ आहे.

तेव्हा उद्या तुमच्या शेजारच्या कोणाच्या पोटावर पिशवी आहे असे कळले, तर आवाज खाली आणू नका. नेहमीच्या आवाजात विचारा, “काका, पोपटीला येताय ना?”